बेचाळीस सालचा अनंता

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी एक कॅलेंडर टांगलेलं होतं आणि ते १९४२ सालचं होतं. बाहेर साल चालू होतं १९८७. मी नागपूरहून येऊन जेमतेम तासभर झाला होता. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूचं राहून गेलं असेल. ते काढायला हात घातला, तेवढ्यात मागून माझ्या नव्या रूममेटचा, अनंताचा, आवाज आला, "राहू दे. बरोबर आहे ते." आणि खरोखरच बरोबर होतं. १९४२ची एक जानेवारी गुरुवारी आली होती, १९८७चीही गुरुवारीच. वर्षभर वार आणि तारखा तंतोतंत जुळणार होत्या. अनंताने ते स्वतःच्या हाताने आखलं होतं आणि हे वर्ष कधी उजाडतं ह्याची तो म्हणे दोन वर्षं वाट बघत होता. "आता तुमचा मंगळवार तोच माझा मंगळवार," तो समाधानाने म्हणाला आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावात तेव्हा जी मराठी मुलं होती ती बहुतेक सगळी इंजिनिअर. मी कोळशावर काम करायला आलो होतो, आमच्याच अपार्टमेंटमधला पुण्याचा शिरीष इलेक्ट्रिकलला होता. इतिहास शिकायला सातारा जिल्ह्यातून अमेरिकेत आलेला अनंता हा एकच. त्याच्या प्रबंधाचा विषय होता, महायुद्धात तटस्थ राहिलेल्या चिली देशाचं एक वर्ष, १९४२. त्या एका वर्षावर त्याचं हे आठवं वर्ष चालू होतं. "यार, एका वर्षाला आठ वर्षं?" शिरीष म्हणायचा, "बरं झालं तू अख्खं महायुद्ध नाही घेतलंस." सगळ्या गावात त्याला 'बेचाळीस' म्हणत. तो आमच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, पण पहिल्याच दिवशी त्याने बजावून ठेवलं होतं, की जो अहो-जाहो करेल त्याने भांडी घासायची. आम्ही त्या क्षणापासून अरे-तुरेवर आलो.

सकाळी चहाबरोबर तो आम्हाला बातम्या सांगायचा. त्या आदल्या दिवशी लायब्ररीच्या तळघरात बसून मायक्रोफिल्मवर वाचलेल्या असत, सँतियागोच्या वर्तमानपत्रांतल्या. पण सांगण्याची तऱ्हा अशी, की जणू दाराशी आताच पेपर पडलाय. जानेवारीच्या शेवटी एकदा गुडघाभर बर्फातून घरी आला, जॅकेट काढून खुर्चीवर फेकलं आणि हताश होऊन म्हणाला, "रिओची परिषद संपली. सगळ्यांनी जर्मनी-जपानशी संबंध तोडले. राहिलो फक्त आम्ही आणि अर्जेंटिना." हे 'आम्ही' ऐकून मी गोंधळलो. शिरीषला सवय होती. तो म्हणाला, "आता काय करणार तुम्ही?" त्यावर अनंता गंभीरपणे म्हणाला, "रविवारी आमची निवडणूक आहे. ती होऊ दे आधी."

घरातही तो चिलीच होता. शिरीषला आणि मला भांडायला एक थर्मोस्टॅट पुरायचा. मी नागपूरचा, मला घर तापलेलं लागे. शिरीषला गुदमरायला व्हायचं, तो बाहेर उणे दहा असताना खिडकी उघडायचा. फेब्रुवारीत आम्ही आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. ते आठ दिवस सगळा व्यवहार अनंतामार्फत चालला. "तो विचारतोय, भात दोन वाट्या लावू की तीन." "तो म्हणतोय, तीन." निरोपात एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. शिरीषने एकदा मला एक सणसणीत शिवी पाठवली. ती त्याने माझ्या टेबलापाशी येऊन जशीच्या तशी पोचवली, फक्त आधी 'कोट' म्हणाला आणि शेवटी 'अनकोट'. मला हसू आलं आणि तिथेच आमचा अबोला मोडला. पण नंतर मी त्याला खोदून विचारलं, "अरे, पण आमच्यातला बरोबर कोण होता, ते तरी सांग ना!" तो म्हणाला, "ते सांगितलं की माझं काम संपलं. मग भात कोण लावणार?" मला हे उत्तर तेव्हा पळपुटेपणाचं वाटलं होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि कुकरची शिटी काढली.

तो रोज सकाळी दाढी करायचा, अगदी परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा. मार्चमध्ये एका शुक्रवारी त्याने दाढी केली नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. जेवताना गप्प. गोड काही खाईना. शिरीष मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याच्या घरचं कोणी गेलं का रे? तू विचार, मला नाही जमणार." मी विचारलं. तर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आमच्यापासून पाच-सहा तासांच्या अंतरावर, चिलीचं एक मालवाहू जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं होतं. एक खलाशी तेवढा वाचला. हे झालं होतं पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला. "कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तरी मेले," अनंता म्हणाला. "त्यांची नावंसुद्धा कोणी घेत नाही. लढाईत मेले असते तर दगडावर कोरली असती." तीन दिवसांनी त्याने अंघोळ करून दाढी केली आणि आम्हाला खिचडी करून घातली. शिरीष नेहमीसारखी चेष्टा करायला निघाला होता, पण त्याने आणखी खिचडी वाढून घेतली.

त्याचं घोडं कुठे अडलंय हे आम्हाला हळूहळू कळलं. सहा चॅप्टर लिहून तयार होते. सातवा, शेवटचा, होत नव्हता. त्याचे गाईड म्हणजे एक पांढऱ्या भुवयांचे, मोजकं बोलणारे अमेरिकन गृहस्थ. त्यांनी हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर लाल शाईत लिहून दिलं होतं, की वर्षभरात काय काय घडलं ते समजलं. आता हे लोक बरोबर होते की चूक, ते सांगा. हे पान त्याने कॅलेंडरच्या खाली चिकटवून ठेवलं होतं. चहा करताना ते समोर यायचं. डिपार्टमेंटने मुदत दिली होती ती वर्षअखेरची. डिसेंबरात समितीपुढचा तोंडी 'डिफेन्स' झाला नाही तर आठ वर्षांची विद्या बोचक्यात बांधून घरी जायचं होतं.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, रविवारी, गावातल्या दहा-बारा मराठी घरांची पिकनिक होती. परांजपेकाकू, ज्यांच्या हातचं खाऊन आमच्या तीन पिढ्या पदवीधर झाल्या, त्या सगळ्यात पुढे. जेवणं झाल्यावर त्यांना आठवलं, की आज क्रांतिदिन. आणि अनंताचे वडील बेचाळीसच्या चळवळीतले, ताम्रपटवाले. "अरे अनंता, तू तर इतिहासवाला. दोन शब्द बोल ना, मुलांना कळू दे," काकू म्हणाल्या. मुलं फ्रिस्बी घेऊन केव्हाच पांगली होती. अनंता पिकनिकच्या बाकाला टेकून उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता वडिलांच्या गोष्टी येणार.

तो म्हणाला, "अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी नानांचं सांगतो. नाना म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका. तालुक्याच्या पोस्टात तार खात्याला क्लार्क होते. अण्णा ज्या तारा तोडत होते, त्या तारांच्या टोकाशी नाना बसलेले असायचे. चळवळीतले लोक म्हणाले, नोकरीवर लाथ मार. त्यांनी नाही मारली. पोलिसांनी उचलून नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, म्हणाले, भाऊ कुठे लपलाय सांग. त्यांनी नाही सांगितलं. सुटले आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा पोस्टात. मग गावातल्या तरुणांनी त्यांना बांगड्यांचा आहेर पाठवला. ताटात घालून, हळदी-कुंकवासकट. काकूने त्या उचलल्या आणि हातात भरल्या. म्हणाली, चांगल्या आहेत, टाकायच्या कशाला. घरात तेव्हा अकरा माणसं होती आणि बाहेर जाऊन कमावणारे एकटे नाना. पंचेचाळीसात अण्णा सुटून आले, त्यांना बांगड्यांचं कळलं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आजपर्यंत नानांशी काहीच बोलले नाहीत. एक अंगण, दोन दारं. माझा जन्म त्यानंतरचा. मी दोन्हीकडे जेवून वाढलो."

परांजपेकाका घसा साफ करत राहिले. काकूंनी मात्र सरळ विचारलं, "मग तुझे नानाकाका बरोबर होते की चूक?"

"तोच चॅप्टर राहिलाय, काकू," अनंता म्हणाला.

घरी परतताना शिरीष गाडी ड्राइव्ह करत होता. मी अनंताला म्हटलं, "मग नानांवरच लिहायचं ना सरळ. चिली कशाला मध्ये?" त्याने खिडकीची काच पुसली. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी एका क्लासमध्ये सर सांगत होते, अख्ख्या खंडात दोनच देश रिओनंतरही कुंपणावर बसून राहिले. त्यांनी कुंपणावर बसलेल्या माणसाची नक्कल करून दाखवली. सगळा वर्ग हसला. मला तिथे बसवेना रे. मला वाटलं, इथेही बांगड्यांचं ताट आलं." त्याच आठवड्यात त्याने विषय बदलून घेतला होता. स्पॅनिशचं अक्षर येत नसताना.

त्यानंतर मात्र त्याने धडाका लावला. ऑक्टोबरात फुटबॉलच्या दिवसांत सगळं गाव स्टेडियमकडे लोटत होतं, तेव्हा हा एकटा उलट्या दिशेने लायब्ररीत. मी तिकीट काढून दिलं तरी आला नाही. चिली हेरांना थारा देतो असं अमेरिकेतला एक बडा अधिकारी बोलला होता आणि त्यावरून चिलीच्या अध्यक्षांनी अमेरिकेचा दौरा रद्द केला होता, ते हेच दिवस. "आमचा दौरा कॅन्सल झालाय, मी ह्यांच्या गेमला कसा येऊ?" असं म्हणाला आणि हसला, पण आला नाही तो नाहीच. नोव्हेंबरअखेर सातवा चॅप्टर पुरा झाला. त्यात त्याने निकाल देऊन टाकला होता. चिलीची तटस्थता हे शहाणपण होतं. लांबच लांब उघडा किनारा, राखायला पुरेशी जहाजं नाहीत, खाणींवर पोट. एका छोट्या देशाने डोकं थंड ठेवून, आपली माणसं मोजून, विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता. गाईड खूश झाले. डिफेन्सची तारीख ठरली. अनंताने त्या चॅप्टरचं मराठीत आठ पानांचं सार लिहिलं, शेवटी 'तुमचंही असंच होतं' असं घातलं आणि नानांना पाठवून दिलं. नाना अर्धांगाने अंथरुणावर होते. त्यांची मुलगी मंदा त्यांना वाचून दाखवणार होती.

डिफेन्सच्या तीन दिवस आधी दुपारी उत्तर आलं. त्याने ते टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं, मग आमच्यापुढे सरकवलं. अक्षर मंदाचं होतं, सांगणारे नाना. मला ते आजही जवळजवळ पाठ आहे.

"चि. अनंतास नानाचे अनेक आशीर्वाद. तुझे लिखाण मंदाने दोनदा वाचून दाखवले. त्या देशाचे मला काही ठाऊक नाही. परंतु माझ्याविषयी जे लिहिले आहेस ते खरे नव्हे. मी काही विचार केला नव्हता. मी भ्यालो होतो. कचेरीत जाताना रोज पाय कापत. पोलिसांना भ्यालो, अण्णाच्या मंडळींनाही भ्यालो. अण्णाचा ठावठिकाणा सांगितला नाही तोही भीतीनेच. सांगितला तर आईला तोंड कसे दाखवू, ही भीती. घरात पोरे होती म्हणून नोकरी सोडली नाही, असे लोक आता म्हणतात, मीही म्हणू देतो. तू मात्र छापू नकोस. थंडीत कान बांधत जा."

अनंता खुर्चीवर बसला. मग उठून त्याने गाईडना फोन लावला आणि डिफेन्स कॅन्सल केला.

शिरीष अक्षरशः किंचाळला. "तू वेडा आहेस का यार? एका पत्रासाठी? तुझे काका काय चिलीत होते?"

"नवा पुरावा आलाय," अनंता म्हणाला.

"कसला पुरावा! ते आजारी आहेत, म्हातारे आहेत, काहीतरी बोलून गेले."

"आजवर मला एवढं खरं कोणी बोललं नव्हतं," अनंता म्हणाला. "अरे, ह्या सातही चॅप्टरमध्ये भीती हा शब्द एकदाही नाहीये. मला दिसत होती ती. पानोपानी दिसत होती. मी उचलली नाही, कारण भ्यालेला म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणजे मलाही ती लाजच वाटत होती ना? मग ताट घेऊन येणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मी त्याला धीर द्यायला हवा होता. पण मला त्याचा राग आला होता, आणि त्याच्याहून जास्त भीती वाटली होती, की आता हा माणूस खरंच बोचकं बांधून घरी जाणार. मी तोंडात येईल ते बोललो. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. गाईडनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं, पत्राचा तोंडी अनुवाद करून मागितला, आणि ते ऐकून डिपार्टमेंटशी भांडून एक सेमिस्टर मिळवून दिलं. त्यानंतर दार बंद, असंही बजावलं.

अनंताने तीच रिळं पुन्हा पहिल्यापासून लावली. कॅलेंडर उतरवलं होतं, त्याला आता तारखांशी कर्तव्य नव्हतं. बंदरांतल्या गावांची पत्रं, संपादकांना आलेले कागद, आई-बापांचे अर्ज, जे त्याने आधी बाजूला सारले होते ते सगळे तो उतरवून घेत होता. फेब्रुवारीत नाना गेल्याची तार आली. आम्ही दोघं त्याच्याजवळ बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी तो लायब्ररीत गेला. नवा चॅप्टर लिहून झाला तेव्हा तो कोणाला पाठवायचा, हा प्रश्न त्याला पडला असेल, पण त्याने तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मेमध्ये डिफेन्स झाला. मी आणि शिरीष मागच्या खुर्च्यांवर, परांजपेकाकू शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन आमच्या शेजारी. समितीतल्या एका बाईंनी त्याला गाठलंच. "म्हणजे तुमचं म्हणणं, ते भित्रे होते?" अनंताने पाण्याचा घोट घेतला. म्हणाला, "ते घाबरले होते. आणि घाबरलेले असताना वर्षभर त्यांनी दिवे लावले, शाळा भरवल्या, पत्रं पोचवली, कोणाला धरून दिलं नाही. काही ठिकाणी दिलंही, ते पाचव्या चॅप्टरमध्ये आहे. बरोबर की चूक हे मला सांगता येत नाही. ते कसे होते, हे आता सांगता येतं." पांढऱ्या भुवयांच्या गाईडनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

जूनमध्ये तो गेला. दोन बॅगांत कपडे थोडे आणि झेरॉक्स जास्त. बस सुटताना त्याने खिडकीतून आम्हाला हात केला आणि ओरडून म्हणाला, "थर्मोस्टॅटवरून भांडू नका रे. आता मध्ये कोणी नाही." आम्ही भांडलो नाही. पुढे नोकरीत मोठ्या माणसांसमोर गप्प बसलेला एखादा माणूस पाहिला, की माझ्या तोंडाशी येणारा 'भित्रा' हा शब्द मी गिळायला लागलो. ही सवय मला अनंताने लावली.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये त्याचं पत्र आलं. तो तालुक्याच्या कॉलेजात शिकवू लागला होता. अण्णांना मोतीबिंदूने वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःहून त्याला प्रबंध मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. चार दुपारी तो वाचत होता. शेवटच्या दुपारी सातवा चॅप्टर वाचला आणि मग, न राहवून, नानांचं ते पत्रही. अण्णांनी ते पत्र हातात मागून घेतलं. मग म्हणाले, "तार तोडायला गेलो तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की पक्कड दोनदा खाली पडली. बाकीचे बघत होते म्हणून पळालो नाही. हे मी नान्याला कधी सांगितलं नाही."

मग ते उठले, काठी घेतली, अंगण ओलांडून गेले आणि चव्वेचाळीस वर्षांनी नानांच्या दाराशी उभे राहिले. "येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला?" अनंताची काकू म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.